ब्रिटिश पाणबुडी कप्तानाची युद्धातली कारकीर्द गस्तीगणिक कशी जुळवायची

दुसऱ्या महायुद्धातल्या कुठल्याही ब्रिटिश पाणबुडी कप्तानाचं नाव सर्च केलं की पहिल्या दोन ओळींत दोनच गोष्टी येतात, त्याला कुठलं पदक मिळालं आणि त्याने किती टन जहाजं बुडवली. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि तेच पुढे कॉपी होत राहतं. माझं म्हणणं, या दोन्ही गोष्टी आधी बाजूला ठेवा, शेवटी बघू. कप्तानाची कारकीर्द म्हणजे त्याच्या गस्ती, एकेक गस्त, बंदर सोडल्यापासून परत बंदराला लागेपर्यंत, आणि त्यातल्या कितीतरी गस्तींमधे एकतर काहीच घडलेलं नसतं किंवा सोडलेले टॉर्पिडो चुकलेले असतात. त्या रिकाम्या गस्तींसकट सगळं एका शीटमधे मांडलं की मगच तो माणूस दिसायला लागतो. हे कसं करायचं ते सांगतो, आणि उदाहरण म्हणून सगळीकडे माल्कम डेव्हिड वँकलिनच घेतो, अपहोल्डर पाणबुडीचा कप्तान, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेला, जन्म १९११ चा आणि तोही कलकत्त्यातला. त्याच्याबद्दल कागद भरपूर आहेत आणि गोंधळही भरपूर आहे म्हणून शिकायला बरा पडतो.

सगळ्यात आधी 'कमांडर' हा शब्द नीट समजून घ्या. मराठीत आपण पाणबुडीच्या प्रमुखाला सरसकट कमांडर म्हणतो पण रॉयल नेव्हीत कमांडर हा एक हुद्दा आहे, आणि पाणबुडीचं नेतृत्व करणारा माणूस बहुतेक वेळा त्या हुद्द्यावर नसायचाच. युद्धात बरेच कप्तान साधे लेफ्टनंट होते, काही लेफ्टनंट कमांडर, खरोखरचे कमांडर थोडेच. वँकलिन शेवटपर्यंत लेफ्टनंट कमांडर होता. त्यामुळे जुन्या कागदांत "कमांडर अमुक" असं शोधत बसाल तर माणूस सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच आडनावाचा दुसराच कोणी सापडेल. शोधताना फक्त आडनाव आणि पाणबुडीचं नाव टाका, हुद्दा टाकू नका. मी या लेखात म्हणूनच कप्तान म्हणतोय, म्हणजे पाणबुडीचा प्रमुख, हुद्दा काहीही असो.

आता शीट बनवा. एक ओळ म्हणजे एक गस्त. कॉलम फार नकोत, गस्तीचा नंबर, कुठून निघाली, कधी, कुठल्या भागात पाठवली, हल्ले किती, टॉर्पिडो किती सोडले, कप्तानाने काय दावा केला, शत्रूच्या कागदात काय निघालं, कुठे आणि कधी परत आली, आणि एक रिकामा कॉलम तुमच्या शंकांसाठी. तो शंकांचा कॉलम शेवटी सगळ्यात जास्त भरतो आणि तोच सगळ्यात कामाचा असतो.

पहिल्या ओळी युद्धाच्याही आधीच्या असतात. वँकलिन १९३३ पासून पाणबुड्यांवर होता. पाणबुडीचा कप्तान व्हायला एक कोर्स पास व्हावा लागायचा, तो १९१७ पासून चालू आहे आणि नौदलात सगळे त्याला पेरिशर म्हणतात, नापास झालात तर पाणबुडीतलं करिअर तिथेच संपलं. कोण कधी कुठल्या बोटीवर होता हे नेव्ही लिस्टमधे मिळतं, ती नौदलाच्या अधिकाऱ्यांची छापील यादी आहे, पण ती छापून येईपर्यंत बदल्या झालेल्या असतात हे धरून चाला, तारखेसाठी तिच्यावर अवलंबून राहू नका. आणि बरेच कप्तान थेट मोठ्या पाणबुडीवर जात नाहीत, आधी जुन्या एच वर्गाच्या बोटींवर असतात, त्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या छोट्या बोटी. वँकलिन १९४० मधे एच-३१ चा कप्तान होता आणि जुलै १९४० मधे त्याने तिच्यावरून जर्मनांचं पाणबुडीविरोधी ट्रॉलर बुडवलं. अपहोल्डरच्या नादात ही ओळ लोक विसरतात.

बोटींच्या नावाचा पण एक घोळ आहे. युद्धाच्या मधल्या काळात नव्या ब्रिटिश पाणबुड्यांना नाव न देता पी आणि आकडा एवढंच ठेवलेलं होतं, चर्चिलला ते अजिबात पटत नव्हतं आणि त्याने आग्रह धरून नावं द्यायला लावली. म्हणजे बेन ब्रायंटची सफारी आधीच्या कागदात पी-२११ म्हणून येते, अलेस्टर मार्सची अनब्रोकन पी-४२ म्हणून. एकाच कप्तानाच्या दोन बोटी आहेत असं वाटतं, असते एकच. याच्या उलट, एकाच बोटीचे कप्तान बदलतात, कधी नेहमीच्या कप्तानाला विश्रांती म्हणून एका गस्तीपुरता राखीव कप्तान जातो. म्हणून बोटीचा सगळा हिशोब एका माणसाच्या नावावर टाकू नका, प्रत्येक गस्तीला कप्तान कोण ते वेगळं तपासा.

कागद कुठे आहेत? मुख्य ठिकाण म्हणजे लंडनमधे क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज. कॅटलॉग घरबसल्या ऑनलाइन बघता येतो, तिथे जायचं असेल तर रीडर्स तिकीट काढायचं, प्रवेश फुकट, आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढायलाही पैसे नाहीत. अॅडमिरल्टीच्या फायली (अॅडमिरल्टी म्हणजे तेव्हाचं ब्रिटिश नौदलाचं मुख्यालय) एडीएम या अक्षरांनी सुरू होतात. पाणबुड्यांची लॉगबुकं एडीएम १७३ मधे, फ्लोटिलांचे, म्हणजे पाणबुड्यांच्या तुकड्यांचे, गस्तीचे अहवाल एडीएम २३६ मधे, आणि युद्धकाळातल्या मोहिमांचे ढीगभर कागद एडीएम १९९ मधे. पदकांच्या शिफारशींचे बरेच कागद एडीएम १ मधे निघतात. कॅटलॉगमधे कप्तानाचं नाव असेलच असं नाही, बोटीच्या नावाने आणि वर्षाने शोधा. जाता येत नसेल तर युबोट डॉट नेटच्या दोस्तराष्ट्रांच्या जहाजांच्या विभागात बऱ्याच ब्रिटिश पाणबुड्यांच्या गस्ती हल्ल्यांसकट, तारीखवार दिल्यात, सांगाडा उभा करायला ते पुरतं. गॉस्पोर्टला रॉयल नेव्ही सबमरीन म्युझियम आहे, आणि इम्पीरियल वॉर म्युझियमकडे पाणबुडीतल्या लोकांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखती आहेत, त्यातल्या खूप ऑनलाइन ऐकता येतात. मुलाखती वासासाठी, थंडीसाठी, माणसं एकमेकांशी कशी वागायची त्यासाठी ऐका. तारखा आणि आकडे मात्र त्यातून उचलू नका, चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणी आहेत त्या, माणूस खोटं बोलत नसतो पण दोन गस्ती एकात मिसळलेल्या असतात.

लॉगबुक आणि गस्तीचा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. लॉगबुक ड्युटीवरच्या माणसांनी त्या त्या वेळी भरलेलं, कोरडं, कोर्स, वेग, खोली, किती वाजता डाइव्ह केलं, किती वाजता वर आलो. अहवाल मात्र कप्तानाने बंदराकडे परतताना किंवा परतल्यावर टाइप करवून घेतलेला, म्हणजे त्यात गोष्ट असते, कारणं असतात, आणि माणूस स्वतःच्या चुकांबद्दल किती मोकळा आहे तेही दिसतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. अहवालात "लगेच खोल गेलो" लिहिलेलं असतं आणि लॉगमधे त्याला चार मिनिटं लागलेली दिसतात. अहवालाच्या वर फ्लोटिलाच्या प्रमुखाचं पत्र जोडलेलं असतं, ते कधीही सोडू नका, कारण कप्तानाबद्दल त्याच्या वरिष्ठाचं त्या क्षणाचं मत तिथे असतं, पदक मिळाल्यानंतरचं नाही.

वेळेबद्दल एक अगदी ठोस सूचना. अहवालात सगळ्या वेळा कुठल्या झोनच्या आहेत ते एकदाच कुठेतरी लिहिलेलं असतं आणि नौदलाच्या पद्धतीत ग्रीनिचच्या पूर्वेकडचे झोन मायनसमधे लिहितात. म्हणजे झोन मायनस दोन याचा अर्थ घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे. आपल्याला सवय बरोब्बर उलटी आहे. मी सुरुवातीला ही चूक केली आणि एका हल्ल्याची वेळ इटालियन नोंदीपासून चार तास लांब गेली, दोन वेगळे हल्ले आहेत असं समजून मी पूर्ण संध्याकाळ दुसऱ्या जहाजाच्या मागे घालवली. म्हणून शीटमधे सगळ्या वेळा आधी ग्रीनिचमधे आणा आणि मगच शत्रूच्या नोंदीशी लावा. मध्यरात्रीच्या आसपास तर तारीखच बदलते.

आता मला सगळ्यात आवडणारं काम, टॉर्पिडोचा हिशोब. पाणबुडीतून टॉर्पिडो सुटला की कप्तान किंवा त्याच्या शेजारचा माणूस स्टॉपवॉच सुरू करतो. अहवालात अंतर असतं यार्डात आणि स्फोट किती वेळाने ऐकू आला तेही असतं. ब्रिटिशांचा युद्धातला नेहमीचा टॉर्पिडो मार्क ८, वेग साधारण ४५ नॉट, म्हणजे मिनिटाला जवळपास १५०० यार्ड. मग कप्तान म्हणतोय की १५०० यार्डावरून सोडला आणि एका मिनिटाने धडाका ऐकला तर हिट शक्य आहे. पण १५०० यार्डावरून सोडला आणि धडाका साडेचार मिनिटांनी, तर तो टॉर्पिडो जहाजाला लागलेला नाही, पुढे जाऊन तळाला आपटून फुटला असणार किंवा तो आवाज डेप्थ चार्जचा आहे, म्हणजे पाणबुडीवर टाकतात त्या पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचा. कप्तानाने दावा केलेला असतो, प्रामाणिकपणे केलेला असतो, कारण तो तेव्हा खोल पाण्यात होता, पेरिस्कोप खाली होता आणि त्याने फक्त ऐकलं होतं. एक काळजी घ्या, माल्टाला, म्हणजे अपहोल्डर जिथून गस्तीला निघायची त्या भूमध्य समुद्रातल्या बेटावर, टॉर्पिडोंची टंचाई असायची आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातले जुने, हळू टॉर्पिडोही वापरावे लागले. ३५ नॉटने धरलं तर मिनिटाला ११८० यार्डच होतात. त्यामुळे आधी टॉर्पिडो कुठला होता ते बघा, मग भागाकार करा.

यानंतर दावे आणि वस्तुस्थिती. इथे वँकलिनचा व्हिक्टोरिया क्रॉसचा मजकूर घेऊन बसा, लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात १६ डिसेंबर १९४१ ला आलेला, गॅझेटची वेबसाइट फुकट आहे. तो हल्ला २४ मे १९४१ च्या संध्याकाळचा. सिसिलीजवळ, अंधार पडत चाललेला, पेरिस्कोपमधून नीट दिसत नाही आणि वर यावं तर लगेच दिसू एवढा उजेड अजून आहे. पाण्याखालचे आवाज ऐकायचं यंत्र बंद पडलेलं, म्हणजे एस्कॉर्ट विनाशिका कुठे आहेत ते ऐकूही येत नाही. टॉर्पिडो दोनच उरलेले. तो आत घुसतो, सोडायच्या क्षणी एक विनाशिका अंधारातून जोरात अंगावर येते, टक्कर थोडक्यात चुकते, ती गेल्यावर तो परत नेम धरतो आणि सोडतो. काँते रोस्सो हे १७ हजार ८७९ टनांचं सैनिकवाहू जहाज बुडालं. पुढच्या वीस मिनिटांत ३७ डेप्थ चार्ज. हे ३७ कुणीतरी आत बसून, कानाने मोजलेले आहेत, ज्याचं ऐकायचं यंत्र बंद होतं त्या बोटीत, हे एकदा नीट डोळ्यासमोर आणा.

पण त्याच मजकुराचा शेवट वाचा. तिथे म्हटलंय की यानंतर त्याने एक विनाशिका, एक शत्रूची पाणबुडी, प्रत्येकी साडेएकोणीस हजार टनांची दोन सैनिकवाहू जहाजं, एक टँकर आणि तीन मालवाहू जहाजं बुडवली, शिवाय एक क्रूझर बहुधा नष्ट केली. आता एकेक घ्या. दोन सैनिकवाहू जहाजं म्हणजे १८ सप्टेंबर १९४१ ची नेप्टुनिया आणि ओचेआनिया, अगदी खरं, टनेज पण बरोबर. विनाशिका म्हणजे लिबेच्चो, ९ नोव्हेंबर १९४१, खरं. क्रूझर म्हणजे गारिबाल्दी, २८ जुलै १९४१ ला तिला टॉर्पिडो लागला हे खरं, पण ती बुडाली नाही, दुरुस्त झाली आणि युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं इटलीच्या नौदलात होती. आणि ती एक पाणबुडी? अपहोल्डरने बुडवलेल्या ज्या दोन इटालियन पाणबुड्या दोन्ही बाजूंच्या कागदांनी पक्क्या आहेत, साँ-बॉन आणि त्रिकेको, त्या ५ जानेवारी आणि १८ मार्च १९४२ च्या, म्हणजे गॅझेट छापून आल्यानंतरच्या. मजकुरातली पाणबुडी नोव्हेंबर १९४१ च्या दाव्यातली आहे, ती प्रत्यक्षात निसटली होती. म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मजकुरात एक दावा कमी करावा लागतो आणि नंतर दोन खऱ्या पाणबुड्या जोडाव्या लागतात. अॅडमिरल्टी खोटं बोलत नव्हती, डिसेंबर १९४१ मधे त्यांना जे माहीत होतं ते छापलं. आपल्याकडे आज इटलीचे कागद आहेत, रोमच्या इटालियन नौदलाच्या इतिहास विभागाने कुठलं जहाज कुठे कसं बुडालं याच्या याद्या छापल्यात, त्यामुळे आपल्याला तपासायलाच पाहिजे.

टनेजची बेरीज करणार असाल तर आणखी एक. व्यापारी जहाजाचं टनेज म्हणजे ग्रॉस टनेज, जहाजाच्या आतल्या जागेचं माप, वजन नाहीच. युद्धनौकेचं टनेज म्हणजे विस्थापन, ते वजन. दोन्ही एका कॉलममधे मिळवले की येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो आणि तरीही कितीतरी ठिकाणी तेच केलेलं आहे. पेरिस्कोपमधून कप्तानाने अंदाजाने लिहिलेलं टनेज तर वेगळ्याच कॉलममधे ठेवा, ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा मोठं निघतं. कुणी विचारलं वँकलिनने किती टन बुडवलं, तर माझ्याकडे एक आकडा नसतो, मी जहाजांची यादी देतो.

आता त्या रिकाम्या ओळी. अपहोल्डर ऑक्टोबर १९४० मधे कामावर रुजू झाली आणि जानेवारी १९४१ मधे माल्टाहून तिची भूमध्य समुद्रातली गस्त सुरू झाली. पहिल्याच गस्तीत ड्यूसबर्ग या जर्मन मालवाहू जहाजाला टॉर्पिडो लागला, जहाज जखमी झालं पण बुडालं नाही. आणि त्यानंतर एप्रिलच्या शेवटापर्यंत काही नाही. लक्ष्यं दिसत होती, टॉर्पिडो सुटत होते, लागत नव्हते. माल्टाला प्रत्येक टॉर्पिडो जीव धोक्यात घालून आणलेला, तिथे अशी नासाडी परवडणारी नव्हती. फ्लोटिलाचा प्रमुख जॉर्ज सिम्प्सन, ज्याला सगळे श्रिम्प म्हणायचे, त्याच्या मनात वँकलिनला काढून टाकायचा विचार खरोखर आला होता. हे वाचताना माहीत असायला हवं की युद्धाआधी पॉरपॉइज या पाणबुडीवर सिम्प्सन कप्तान होता आणि वँकलिन त्याचा फर्स्ट लेफ्टनंट, म्हणजे बोटीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. म्हणजे ज्याला काढायचं तो आपल्याच हाताखाली तयार झालेला माणूस, शांत, अभ्यासू, सगळ्यांना आवडणारा, आणि नेम लागत नाही. सिम्प्सनने थांबायचं ठरवलं. फक्त पदकांपासून सुरुवात केली असती तर हे तीन महिने तुम्हाला दिसलेच नसते.

मग एप्रिलच्या शेवटची एकच गस्त, ती ओळ शीटमधे मोठी होते. २५ एप्रिलला अंतोनिएत्ता लाउरो बुडालं. त्यानंतर ट्युनिशियाच्या पूर्वेला केर्केना बेटांजवळच्या उथळ पाण्यात, मधल्या एप्रिलमधे ब्रिटिश विनाशिकांनी फोडलेल्या काफिल्यातलं आर्ता हे जर्मन जहाज रुतून पडलेलं होतं, अपहोल्डर त्याच्या शेजारी जाऊन लागली, माणसं वर चढली आणि जहाजाला आग लावून आली. १ मे ला आर्कटुरुस आणि लेव्हरकुझेन, दोन्ही जर्मन, दोन्ही बुडाली. मधे काय बदललं? इथे घाईने उत्तर लिहू नका. प्रत्येक चुकलेल्या हल्ल्याचं अंतर आणि प्रत्येक लागलेल्या हल्ल्याचं अंतर शेजारी लिहा, टॉर्पिडो किती सोडले ते लिहा, लक्ष्याचा वेग त्याने किती धरला आणि खरा किती होता ते मिळालं तर लिहा. कप्तान किती जवळ जाऊन सोडायला शिकला ते त्या आकड्यांत दिसतं, कुणाच्या कौतुकाच्या वाक्यात दिसत नाही.

पण जवळ जाणं हा एकच नियम होता असंही नाही, त्यासाठी १८ सप्टेंबरची पहाट बघा. जायरो कंपास बिघडलेला, समुद्र खवळलेला, बोटीचं नाक सारखं इकडून तिकडे झुलतंय आणि तो पृष्ठभागावर आहे, तीन मोठी जहाजं अंधारात त्रिपोलीकडे चाललीत. अंतर जवळपास ५००० यार्ड. बोट सरळ धरता येत नाही म्हटल्यावर त्याने तो झोकाच वापरला, नाक एका बाजूला झुललं की एक टॉर्पिडो, परत येताना पुढचे, असे चार टॉर्पिडो पंख्यासारखे पसरवले. ४५ नॉट धरले तर सव्वातीन मिनिटांची वाट बघणं झालं. दोन जहाजांना लागले. नेप्टुनिया तेव्हाच गेली, ओचेआनिया जागेवर थांबली, तिला त्याने उजाडल्यावर परत टॉर्पिडो भरून संपवलं. तिसरी वुल्कानिया निसटली. त्या दोन्ही जहाजांवरची बहुतेक माणसं वाचवली गेली, हेही त्याच ओळीत लिहा.

हो, माणसांचा कॉलम ठेवाच. काँते रोस्सोवर सुमारे २७०० जण होते आणि त्यातले जवळपास १३०० गेले. आपण ज्याची कारकीर्द शोधतोय त्याच्याबद्दल आपल्याला जिव्हाळा वाटायला लागतो, वाटणारच, पण पलीकडच्या बाजूला काय झालं ते न लिहिता टनेज लिहिणं मला बरोबर वाटत नाही. आणि काही कप्तानांच्या बाबतीत हे नुसतं आकड्यांवर थांबत नाही. अँथनी मिअर्स, टॉर्बेचा कप्तान, मार्च १९४२ मधे कोर्फूच्या बंदरात शिरून केलेल्या हल्ल्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्याच जुलै १९४१ च्या गस्तीत, क्रीटजवळ, बुडवलेल्या छोट्या जहाजातून रबरी बोटीत उतरलेल्या जर्मन सैनिकांवर गोळीबार झाला, आणि हे शत्रूच्या प्रचारातून नाही तर त्याच्या स्वतःच्या अहवालातून कळतं, वरच्या अधिकाऱ्यांनी पत्रव्यवहार केला, असं परत करू नये असं कळवलं गेलं. अशी ओळ आली तर ती शीटमधे इतर ओळींइतकीच सरळ लिहायची, शंकांच्या कॉलममधे लपवायची नाही.

अजून एक गोष्ट अहवालात नसते आणि ती नसण्याचं कारण आहे. पाणबुडी नेमकी त्याच रात्री त्याच जागी कशी पोचली? १९४१ च्या उन्हाळ्यापासून ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्राला, इटालियन नौदलाचे हॅगेलिन या सांकेतिक मशीनवरचे संदेश वाचता यायला लागले होते, काफिला कधी निघणार, कुठल्या मार्गाने जाणार. कप्तानाला फक्त जागा आणि वेळ कळवली जायची, कुठून कळलं ते नाही, आणि हे सगळं १९७४ पर्यंत गुप्तच होतं. म्हणून त्याआधी लिहिलेल्या कुठल्याही वर्णनात "नशिबाने काफिला समोर आला" असं असेल तर थांबा आणि तपासा. यात कप्तानाचं श्रेय कमी होत नाही, जागा सांगितली तरी नेम त्यालाच धरायचा होता.

जॉली रॉजरबद्दल थोडक्यात, कारण फोटो सगळ्यांना आवडतात. कवटीचा काळा झेंडा लावून बंदरात यायची पद्धत मॅक्स हॉर्टन या ब्रिटिश कप्तानाने सप्टेंबर १९१४ मधे ई-९ या पाणबुडीतून जर्मनांची हेला ही क्रूझर बुडवल्यावर सुरू केली, दुसऱ्या महायुद्धात ती रुळली. पांढरी पट्टी म्हणजे व्यापारी जहाज, लाल म्हणजे युद्धनौका, खंजीर म्हणजे किनाऱ्यावर गुपचूप माणसं उतरवण्याची कामगिरी, तोफांभोवतीचे तारे म्हणजे तोफेने केलेले हल्ले. फोटोची तारीख काढायला हा झेंडा फार कामाचा, पट्ट्या मोजा आणि शीटमधल्या ओळींशी लावा. पुरावा म्हणून मात्र वापरू नका, पट्टी दाव्यावर शिवली जायची, त्या वेळी इटलीचे कागद कुणी बघितले नव्हते.

शेवटची ओळ सगळ्यात अवघड असते, खासकरून जे परत आले नाहीत त्यांची. अपहोल्डरच्या शेवटच्या, म्हणजे २५ व्या गस्तीचा अहवालही नाही आणि लॉगही नाही, दोन्ही बोटीबरोबर गेले. आजूबाजूच्या कागदांवरून तारखा लावायला लागतात. ६ एप्रिल १९४२ ला माल्टा सोडलं, तेव्हा माल्टावर इतके बॉम्ब पडत होते की १ एप्रिलला पँडोरा आणि पी-३६ या दोन पाणबुड्या बंदरातच बुडाल्या होत्या. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर हेर उतरवले. त्यांना घेऊन गेलेला लष्करातला कॅप्टन विल्सन ११ एप्रिलच्या सुमारास समुद्रातच अनबीटन या पाणबुडीवर गेला, म्हणून तो वाचला आणि म्हणूनच तोपर्यंतचं आपल्याला माहीत आहे. १४ एप्रिलला त्या भागातल्या दुसऱ्या ब्रिटिश पाणबुडीला लांबून डेप्थ चार्जचे आवाज आले. त्याच दिवशी त्रिपोलीच्या ईशान्येला इटालियन टॉर्पिडो बोट पेगासोने एका पाणबुडीवर हल्ला केल्याची नोंद आहे. सगळीकडे "पेगासोने बुडवलं" असं छापलं जातं, पण जागा आणि अपहोल्डरला दिलेला भाग नीट जुळत नाही, सुरुंगाची शक्यताही अभ्यासक मांडतात, आणि अवशेष मिळालेले नाहीत.

अशा वेळी काय होऊ शकतं ते वँकलिनचा मित्र टॉमकिन्सन आणि त्याच्या अर्ज या पाणबुडीवरून बघा. अर्ज २७ एप्रिल १९४२ ला माल्टाहून अलेक्झांड्रियाला जायला निघाली आणि पोचली नाही. ती लिबियाच्या किनाऱ्याजवळ विमानाच्या हल्ल्यात बुडाली असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१९ मधे तिचे अवशेष माल्टाजवळ सापडले, सुरुंगाने फुटलेले, म्हणजे बंदर सोडल्यावर लगेचच. लिबियाचा तो हल्ला झाला असेल तर दुसऱ्याच कुणावर. इतकी वर्षं छापलेली ओळ एका शोधाने गेली.

म्हणून अपहोल्डरच्या शेवटच्या ओळीत मी तीन तारखा वेगवेगळ्या ठेवल्यात. विल्सन उतरला ती, म्हणजे बोट नक्की शाबूत होती अशी शेवटची वेळ. १४ एप्रिल, जी अधिकृत मानतात आणि युद्धस्मारकांच्या नोंदीत असते. आणि २२ ऑगस्ट १९४२, अॅडमिरल्टीने बोट गेल्याचं जाहीर केलं तो दिवस, त्या निवेदनात त्यांनी एका बोटीला वेगळं काढून तिच्याबद्दल लिहिलं, जे ते सहसा कधी करत नसत. घरच्यांसाठी तारीख ती तिसरी होती. जागेच्या कॉलममधे मी 'त्रिपोलीच्या उत्तरेला, निश्चित नाही' एवढंच लिहिलंय आणि शंकांच्या कॉलममधे पेगासोची वेळ ग्रीनिचमधे.